जुन्या जिप्सीची दारं परत बसवताना : उघड्या पत्र्यापासून शेवटच्या क्लिपपर्यंत

पूर्ण सुटी केलेली गाडी परत जोडताना सगळं लक्ष इंजिन, गिअरबॉक्स आणि चासीकडे जातं. दारं गोणपाटात गुंडाळून भिंतीला उभी असतात. ती काय, शेवटी चार बोल्ट आवळले की झालं, असा सगळ्यांचा समज. मग बॉडी रंगून येते, दार टांगलं जातं आणि पहिल्यांदा लावतानाच मागची कड घासून ताज्या रंगाचा टवका उडतो. ठोकावं तर रंग जातो, न ठोकावं तर दार लागत नाही.

म्हणून दार गाडीला दोनदा बसवायचं. पहिल्यांदा उघड्या पत्र्यावर, रंगाच्या आधी. सगळी जुळणी, ठोकाठोक, वेल्डिंग तेव्हाच उरकायची. दुसऱ्यांदा रंगानंतर, तेव्हा दार फक्त ठरलेल्या जागी परत जायला हवं. वेळ दुप्पट लागत नाही, उलट वाचतो.

इथे १९८५ पासून आलेली मारुती जिप्सी समोर धरली आहे: दोन दारं, हाताने फिरवायच्या काचा, चासीवर वेगळी बसणारी बॉडी. लोखंडी दारांच्या जुन्या महिंद्रा गाड्यांनाही हीच रीत लागू पडते. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

हाताशी काय हवं

- १०, १२ आणि १३ नंबरचे रिंग पाने आणि गोटी पाने, टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळायचा)
- ३ नंबरच्या फुलीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर
- आट्या साफ करायला एम ६ आणि एम ८ चे टॅप (पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.० आणि १.२५ मिमी)
- व्हर्नियर, ३ मिमीचं ड्रिल, मास्किंग टेप, मार्कर
- ०.५ आणि १ मिमी पत्र्याच्या यू आकाराच्या चकत्या, म्हणजे शिम. बोल्ट पूर्ण न काढता सरकवता येतात
- जॅक, त्यावर ठेवायला लाकडी फळी आणि जुनी चादर
- पांढरं लिथियम ग्रीस, पोकळीत मारायचं मेण, ब्यूटाइल टेप, रबर चिकटवायचं सोल्यूशन
- नवीन: दाराभोवतीचं रबर, काच ज्या खाचेत सरकते त्या चॅनलचं फेल्ट, काचेच्या कडेच्या पट्ट्या, ट्रिमच्या (दाराच्या आतल्या बाजूच्या पुठ्ठ्याच्या आवरणाच्या) क्लिपा
- दार सुटं करताना काढलेले फोटो. नसतील तर तशाच गाडीच्या दाराची ट्रिम उघडून काढून घ्या; याला पर्याय नाही

फटी मोजायला महागडं गेज नको. ४ मिमीच्या वेल्डिंग रॉडवरचं आवरण ठोकून काढा, आतली तार बरोबर ४ मिमी असते. ३.१५ ची तशीच एक करा. दोन्ही खिशात ठेवा.

१. आधी बॉडी चासीवर पक्की करा

दार नीट लागत नाही याचं कारण निम्म्या वेळा दारात नसतंच. बॉडी आणि चासीच्या मधले रबर दबलेले असले की बॉडीचा मागचा भाग खाली बसतो. मग दाराच्या चौकटीचा कोन बदलतो: मागची फट वर रुंद, खाली अरुंद, किंवा उलट. हे दार सरकवून कधीच दुरुस्त होत नाही.

त्यामुळे बॉडीचे सगळे रबर नवे टाका, बोल्ट पूर्ण आवळा, गाडी चारही चाकांवर सपाट फरशीवर उभी करा आणि मगच दाराला हात लावा. स्टँडवर टेकवलेल्या बॉडीवर दार जुळवू नका, चाकांवर आल्यावर फटी बदलतात. चौकटीचे दोन्ही कर्ण सुतळीने किंवा टेपने मोजा आणि डाव्या-उजव्या बाजूची तुलना करा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर आधी डेंटरकडे चौकट ओढून घ्यायची.

तळाचा पत्रा कापून नवीन लावला असेल तर हे मोजमाप वेल्डिंग करतानाच व्हायला हवं होतं. केलं नसेल तर आता करा. रंगानंतर हा दोष झाकता येत नाही.

२. रिकामं दार तपासा

दार आडवं ठेवून खालची दुमडलेली कड बघा. गंज तिथूनच सुरू होतो, कारण काचेच्या फटीतून आत आलेलं पाणी खालीच साचतं. त्या कडेला पाणी बाहेर जायची छिद्रं असतात. आपल्याकडे उन्हाळ्यातला फुफाटा दारात बसतो आणि पहिल्या पावसात त्याचा काळ्या मातीचा चिखल होऊन छिद्रं बुजतात. वाळला की तो सिमेंटसारखा घट्ट होतो. ही छिद्रं तारेने मोकळी करा, आतून पाणी मारून प्रत्येकातून धार येते का बघा. पुट्टी आणि सिलंट लावणाऱ्या माणसाला ती खडूने खूण करून दाखवा, नाहीतर तो प्रेमाने बुजवून टाकेल.

३. बिजागऱ्या आणि बोल्ट

बिजागरीची पिन झिजली असेल तर पुढची सगळी जुळणी वाया जाते. हिशोब सोपा आहे. दोन बिजागऱ्यांमधलं अंतर ४०० मिमी आणि दाराची लांबी ९०० मिमी धरली, तर बिजागरीतला अर्धा मिमी खेळ मागच्या कडेला एक मिमीपेक्षा जास्त होऊन दिसतो. बिजागरी हातात धरून हलवा, खेळ जाणवला तर पिन आणि बुश बदला. तयार मिळाली नाही तर व्हर्नियरने पिनचा व्यास मोजा आणि वाळूज, चिकलठाणा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडून पिन आणि पितळी बुश करून घ्या. पिन इतकी घट्ट हवी की बिजागरी स्वतःच्या वजनाने पडू नये, पण हाताने सहज फिरावी.

पिलरमधल्या, म्हणजे चौकटीच्या उभ्या खांबातल्या, आणि दारातल्या सगळ्या आट्यांतून टॅप फिरवा. गंज आणि जुना रंग तिथे बसलेला असतो. तसाच बोल्ट घातला तर तो आडवा जातो आणि आतली वेल्ड केलेली नट सुटून फिरायला लागते.

जुन्या महिंद्रा जीपवाल्यांनी इथे जास्त काळजी घ्यावी. त्यांत इंची बोल्ट सापडतात. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिमी, एम ८ चा ८ मिमी, म्हणून हाताला दोन्ही सारखेच लागतात. पण ५/१६ च्या जाड आट्या इंचाला १८ आणि एम ८ च्या साधारण २०. दोन-तीन फेरे सुखाने जातो, मग घट्ट होतो, आणि जोर लावला की आट्या कापल्या जातात. बोल्ट शेवटपर्यंत बोटांनी गेला पाहिजे. नाही गेला तर बाहेर काढून आट्या जुळवा.

पान्यांचं एक लक्षात ठेवा: मारुतीच्या एम ८ बोल्टचं डोकं बहुधा १२ नंबरचं असतं, बाजारात मिळणाऱ्या साध्या एम ८ चं १३ चं. १३ चा पाना १२ च्या डोक्यावर चालवून कोपरे गोल करू नका.

४. उघड्या पत्र्यावर दार टांगा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या, अख्खा दिवस गेला तरी हरकत नाही. दोन माणसं हवीत. जॅकवर फळी, फळीवर चादर, त्यावर दार, आणि बिजागरीचे सगळे बोल्ट फक्त टेकतील एवढे. स्ट्रायकर, म्हणजे दाराचं लॉक ज्यात अडकतं तो मागच्या पिलरवरचा भाग, अजून लावायचा नाही. तो असला की दार त्याच्यावर चढून खोट्या उंचीवर बसतं आणि तुम्हाला वाटतं जुळलं.

दार रिकामं असताना जुळवलं आणि नंतर काच, मशीन (काच वर-खाली करणारी यंत्रणा), लॉक घातलं की पाच-सहा किलो वजन वाढतं आणि मागची कड खाली येते. म्हणून याच वेळी काच आणि मशीन तात्पुरती बसवून घ्या. नवीन रबराचे चार-चार इंचाचे तुकडे चौकटीत सहा-सात जागी खोचा. नवीन रबर जुन्या दबलेल्या रबरापेक्षा जाड असतं आणि दाराला बाहेर ढकलतं, ते आत्ताच कळलेलं बरं.

जुळणीचा क्रम हा:

*वर-खाली.* आधी दाराची रेघ बॉडीच्या रेघेशी जुळवा. दोन्ही बिजागऱ्या पिलरवर एकत्र सरकवा.

*तिरकेपणा.* मागची कड लोंबत असेल आणि बिजागरीची पाटी पिलरच्या मागच्या तोंडावर बसत असेल, तर खालच्या बिजागरीमागे शिम घाला. दाराचा खालचा भाग मागे जातो आणि मागची कड वर येते. बिजागरीच्या हिशोबातल्या ४०० आणि ९०० मिमीच्याच मापाने, १ मिमीच्या शिमने कड सव्वादोन मिमी उचलते. म्हणून सुरुवात अर्ध्यापासून करा. कड चढलेली असेल तर शिम वरच्या बिजागरीमागे. पाटी पिलरच्या बाजूच्या तोंडावर असेल तर शिमने दार आत-बाहेर होईल, वर नाही. तेव्हा बिजागरीच पुढे-मागे सरकवावी लागते. आपली पाटी कोणत्या तोंडावर आहे ते बघितल्याशिवाय शिम कापू नका.

*आत-बाहेर.* दाराची पुढची कड पुढच्या पत्र्यापेक्षा अर्धा मिमी आत असलेली चालते, बाहेर आलेली नको. बाहेर आली की पळत्या गाडीत वारा तिथे शिट्टी मारतो. मागची कड बॉडीशी सपाट हवी.

*फट.* उघड्या पत्र्यावर चारही बाजूंनी साधारण ५ मिमी ठेवा. प्रायमर, रंग, लॅकर मिळून फटीच्या दोन्ही कडांवर थर चढतात आणि फट जास्तीत जास्त अर्ध्या मिमीने कमी होते. पुट्टी असेल तर आणखी. रंगानंतर ४ मिमीची तार चारही बाजूंनी सरकायला हवी. एखाद्याच जागी फट अरुंद किंवा रुंद असेल तर दार हलवू नका. तिथली कड डेंटरकडून चढवा किंवा उतरवा. एका जागेसाठी अख्खं दार हलवलं की बाकीच्या तीन बाजू बिघडतात.

मनासारखं जुळलं की बोल्ट आवळा: ८.८ ग्रेडच्या एम ८ ला साधारण २५ न्यूटन-मीटर, एम ६ ला १०. मग प्रत्येक बिजागरीच्या पाटीतून आरपार पिलरमध्ये आणि दारात ३ मिमीची दोन-दोन छिद्रं पाडा. रंगानंतर याच छिद्रांत ड्रिलचा मागचा दांडा घातला की बिजागरी केसाचाही फरक न पडता जुन्या जागी बसते. मार्करच्या खुणा रंगात जातात, छिद्रं जात नाहीत. कोणत्या बिजागरीमागे किती शिम होत्या ते टेपवर लिहून त्या बिजागरीलाच बांधून ठेवा, कारण डाव्या-उजव्या बिजागऱ्या डब्यात एकत्र झाल्या की पुन्हा पहिल्यापासून काम.

५. स्ट्रायकर

आता स्ट्रायकर. त्याचे फुलीचे स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने सुटत नाहीत, फुली मात्र खराब होते. इम्पॅक्ट ड्रायव्हर लावा आणि हातोड्याचे दोन ठोके द्या. स्क्रू एकाच वेळी सगळे काढू नका! काही गाड्यांत पिलरच्या आत आट्यांची सुटी पट्टी असते. शेवटचा स्क्रू निघाला की ती खाली पडते आणि तिला बाहेर काढायला पिलर कापायची वेळ येते. एक स्क्रू अर्धा आत ठेवून दुसरा काढा. पत्राकाम करणाऱ्यालाही हे बजावून सांगा.

स्ट्रायकर हळू आवळून दार लावा. लॉक त्याच्यावर सरळ जायला हवं. लागताना दार उचललं जात असेल किंवा खाली दबत असेल तर स्ट्रायकरची उंची चुकली आहे. लोंबणारं दार स्ट्रायकर वर करून उचलायचं ही गॅरेजांतली जुनी खोड. चार महिन्यांत लॉकही झिजतं आणि बिजागरीही. स्ट्रायकरने फक्त दार किती आत बसावं ते ठरवायचं.

६. सुटं करा, रंगवा, आत मेण मारा

दार आणि बॉडी शक्यतो एकाच दिवशी, एकाच डब्यातल्या रंगाने रंगवा. दाराच्या आतल्या कडा, बिजागऱ्यांमागचा भाग आणि पाडलेली छिद्रं आधी रंगवायची; दार टांगून रंगवलं तर हाच भाग उघडा राहतो.

दाराच्या पोकळीतलं मेण रंग पूर्ण वाळल्यावरच. आधी मारलं तर त्याचे कण बाहेर येऊन रंगात डोळे, म्हणजे गोल खळगे, पडतात. काचेच्या चॅनलवर टेप लावा, लांब नळीने खालच्या दुमडलेल्या कडेत भरपूर मारा, तासाभराने छिद्रांतून तार फिरवा.

रंग बदलणार असाल तर आरसीवरची रंगाची नोंदही बदलावी लागते, तो अर्ज आरटीओत आधीच विचारून घ्या. १५ वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी नमुना २५ च्या अर्जाने वाढवायची असते, ती पाच वर्षांसाठी मिळते. सोबत आरसी, विमा आणि पीयूसी ठेवा. तपासणीला गाडी नेण्याआधी काचा, आरसे आणि दाराची लॉकं चालू हवीत. नवीन काच घेताना कोपऱ्यात आयएस २५५३ ची खूण बघा. बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के उजेड आत यायला हवा हा नियम आहे, फार गडद काच घेऊ नका.

७. दुसऱ्यांदा टांगा

दाराच्या आणि बॉडीच्या कडांना मास्किंग टेपचे दोन थर लावा. बिजागरी छिद्रांत दांडा घालून बसवा, शिम लेबलाप्रमाणे घाला, आवळा. दार पूर्ण उघडण्याआधी दाराचा स्टॉपर पट्टा जोडा, नाहीतर दोरीने दार बांधून ठेवा. दुपारच्या वाऱ्याची एक झुळूक आली की सुटं दार पुढच्या पत्र्यावर आदळतं आणि दोन्हीकडे खड्डा पडतो.

८. लॉक आणि हँडल

लॉक रॉकेलने धुवा, वाळवा, लिथियम ग्रीस लावा. घट्ट काळं ग्रीस नको, फुफाट्यात त्याची लापशी होते. बाहेरचं हँडल, चावीचं लॉक, आतलं हँडल आणि त्यांच्या सळ्या जोडा. सळ्यांच्या प्लास्टिक क्लिपा नव्याच वापरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: दार उघडं असताना लॉकची जीभ स्क्रू ड्रायव्हरने बंद करा. दोन टप्पे ऐकू यायला हवेत. मग बाहेरच्या हँडलने उघडा, पुन्हा बंद करून आतल्याने, पुन्हा चावीने. हे सगळं तीन-तीन वेळा चालल्याशिवाय दार लावू नका. सळी न जोडता दार लागलं, वर ट्रिमही बसलेली असली, तर ते उघडायला ट्रिम फोडावी लागते.

९. काच

मशीनच्या दात्यांवरची गुंडाळी स्प्रिंग ताणलेली असते. मशीनचा दातेरी पंखा सुटा करायला जाऊ नका, बोट चिरतं. ग्रीस लावून मशीन दारात सोडा, बोल्ट सैल ठेवा. चॅनलमध्ये नवीन फेल्ट बसवा. मग काच पुढची बाजू खाली तिरकी करून वरून उतरवा. पुढे तिकोनी काच असेल तर ती आणि तिची उभी पट्टी बहुतेक दारांत मोठी काच आत गेल्यावरच बसते.

काचेच्या खालच्या कडेची लोखंडी पट्टी जुन्या काचेवर कडेपासून किती अंतरावर होती ते मोजून नव्या काचेवर तशीच लावा. एखादा सेंटिमीटर चुकला तरी काच एका बाजूला ओढते आणि अर्ध्यावर अडकते. पट्टी बसवताना रबराच्या तुकड्याला साबणाचं पाणी लावा आणि लाकडी ठोकळ्याने दाबा. टफन काच मध्यभागी मार सोसते, कडेला लोखंड लागलं की क्षणात चुरा.

काच पूर्ण वर नेऊन चॅनलमध्ये बसू द्या, आणि त्या अवस्थेत मशीनचे व चॅनलचे बोल्ट आवळा. काच खाली असताना आवळले तर वर जाताना ती जड जाते. फेल्टवर तेल-ग्रीस नको, धूळ चिकटून काचेवर उभ्या रेघा पडतात. सिलिकॉनचा हलका फवारा पुरे.

१०. रबर

रबराचा सांधा खाली मध्यभागी ठेवा आणि तिथूनच सुरुवात करा. ताणू नका. ताणून बसवलेलं रबर काही आठवड्यांत आखडतं, कोपरे उचलले जातात आणि धूळ तिथूनच येते. कोपऱ्यात उलट थोडं ढकलून भरा, शेवटी पाच-सात मिमी जास्त ठेवून कापा.

सोल्यूशन लावायचं असेल तर उन्हाळ्यात सकाळी लवकर काम करा. मे महिन्यात दुपारी ते लावता लावता वाळतं, म्हणून एकेक फूटच घ्या. पहिले काही दिवस दार जड लागेल. स्ट्रायकर जरा बाहेर ठेवा, रबर बसलं की आत घ्या.

११. ट्रिमच्या आधी परीक्षा

कागदाची पट्टी चौकटीत धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखाच अडथळा जाणवायला हवा. जिथे पट्टी सहज निघते तिथे रबर टेकत नाही. मग पाइपाने पाणी मारा, खालून सुरू करून वर. वरून मारलं तर गळती कुठली ते कळत नाही. दाराच्या खालच्या छिद्रांतून पाणी बाहेर आलं पाहिजे. ते येणं बरोबर, पायात येणं चूक.

शेवटी कच्च्या रस्त्यावर दहा किलोमीटर जाऊन या. धुळीची परीक्षा पाण्यापेक्षा कडक असते. रबराच्या आतल्या बाजूला धुळीची रेघ दिसली की जागा सापडली.

१२. कागद, ट्रिम आणि हँडल

दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा कागद हवाच. तो नसेल तर दारातलं पाणी ट्रिमचा पुठ्ठा कुजवतं. मल्चिंगचा कागद २५-३० मायक्रॉनचा, लगेच फाटतो. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा, तो वळत नाही. १०० ते १५० मायक्रॉनचा साधा जाड कागद घ्या, कडेने ब्यूटाइल टेप लावा आणि खालची कड दाराच्या आत सोडा, म्हणजे पाणी परत दारातच पडेल.

ट्रिमचा जुना हार्डबोर्ड फुगला असेल तर ३ मिमीच्या नव्या बोर्डवर त्याचा साचा ठेवून कापा आणि मागची बाजू रंगवा. काचेच्या हँडलची यू क्लिप आधी हँडलमध्ये खोचा, मग हँडल दांड्यावर दाबा. टक् आवाज येईल. काच पूर्ण बंद असताना दोन्ही दारांची हँडलं एकाच दिशेला यावीत.

पाचशे किलोमीटर झाले की बिजागऱ्यांचे आणि स्ट्रायकरचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, आणि ४ मिमीची तार एकदा चारही बाजूंनी फिरवा.